वतनापासून करारापर्यंत: आजारी शरीर आणि ठरलेले काम

अरबी भाषेत ‘वतन’ म्हणजे मायदेश. येथील कामगार वसाहतींत उर्दू-हिंदी बोलणारे सोबती सुट्टीवर निघताना ‘वतन जा रहा हूँ’ असे म्हणतात, तेव्हा त्यांचा चेहरा उजळलेला असतो. आपल्या घरांत मात्र हाच शब्द पिढ्यान्‌पिढ्या वेगळ्या सुरात उच्चारला गेला. आपल्या पणजोबांच्या लेखी वतन म्हणजे गावकीचे जोखड. जन्माबरोबर ते मानेवर येई आणि मरणाबरोबर मुलाच्या मानेवर जाई.

या दोन अर्थांची गाठ माझ्या मनात पडली ती काही वर्षांपूर्वी शारजात, भीमजयंतीच्या तयारीची बैठक संपल्यावर. सातारा जिल्ह्यातील, पन्नाशी ओलांडलेले एक बांधव चहा झाल्यावरही थांबून राहिले. एका कंपनीत ते चौदा वर्षांपूर्वी स्टोअरकीपर म्हणून आले होते. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मणक्यावर शस्त्रक्रिया झाली आणि वजन उचलू नये असे डॉक्टरांनी लिहून दिले. पुढे नवा व्यवस्थापक आला, गोदामाचा हिशेब संगणकावर गेला आणि या गृहस्थांना यार्डात ट्रक भरण्या-उतरवण्याच्या टोळीत पाठविण्यात आले.

“डॉक्टरचा कागद हाय माझ्याकडं, दादा,” ते म्हणाले. “पण साहेब म्हणतोय, कागद खिशात ठेव आन् पोतं उचल.” मग जरा थांबून म्हणाले, “आमच्या आज्जीचं बी हेच गाऱ्हाणं हुतं. आजा तापानं फणफणल्याला, आन् चावडीवरनं बोलावणं आलं. तवा माझा बाप, बारा वर्साचा पोर, दप्तर डोक्यावर घिऊन तालुक्याला चालत गेला.”

त्या दिवशी मला त्यांना कायद्याचे नेमके उत्तर देता आले नाही. परंतु त्यांनी यार्ड आणि चावडी एका वाक्यात आणून ठेवली होती. आजारी माणसाने कोणते काम करावे हे कोण ठरवितो, हा प्रश्न आपल्यासाठी नवा नाही. त्याचा इतिहास आपल्याच घरांचा इतिहास आहे. तो समजून घेतला, तर हातातल्या करारपत्राची किंमतही कळते.

यादी नसलेले काम

मुंबई इलाख्यात महार वतनाचा कारभार १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याखाली चाले. वतनदाराला इनाम जमिनीचा तुकडा मिळे, रयतेकडून बलुते मिळे आणि काही ठिकाणी अगदी तुटपुंजी रोकड मिळे. त्या बदल्यात तो सरकारचा आणि गावाचा चाकर ठरे. सारावसुलीसाठी लोकांना चावडीवर बोलावणे, सरकारी दप्तर व भरणा तालुक्याला पोहोचविणे, आलेल्या अंमलदाराची सरबराई व सामान वाहणे, गावच्या हद्दीच्या खुणा सांगणे, मयताचा सांगावा परगावी नेणे, मेलेली जनावरे ओढणे अशी कामे त्याच्या माथी होती.

कामे जड होती आणि पुष्कळ होती. पण खरे दुखणे असे की त्यांची ठरलेली यादीच नव्हती. महसूल खाते, पोलीस खाते, लस टोचणारे, शाळा तपासणारे असा कोणत्याही खात्याचा माणूस गावात आला, की त्याने महाराला राबवावे हा रिवाज होता. दिवस-रात्र, ऊन-पाऊस, सण-सुतक यांचा विचार नव्हता. कामाचे तास ठरलेले नव्हते, त्यामुळे विश्रांतीचा तासही ठरलेला नव्हता. आणि जेथे काम ठरलेले नसते, तेथे ‘हे माझे काम नाही’ असे म्हणण्यास जागाच उरत नाही.

आजारपणाचा प्रश्न येथेच सर्वांत क्रूर होई. वतनाची चाकरी ही व्यक्तीची नव्हे, घराची मानली जाई. कामावरचा वतनदार आजारी असला किंवा गावी नसला, तर त्याचा बाप, भाऊ, मुलगा, घरातील जो कोणी हाती लागेल त्याला जुंपले जाई. म्हणजे आजारी माणसापुढे दोनच वाटा असत: आपण दुखण्यासह उठावे, किंवा घरातील म्हाताऱ्याला अथवा पोराला पाठवावे. ताप कोणाला आला यावर ओझ्याचे वजन बदलत नसे.

कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये महार वतने रद्द करून त्या जमिनी रयताव्याने देण्याचा निर्णय घेतला. ब्रिटिश मुलखात या प्रश्नाला हात घातला तो बाबासाहेबांनी. १९ मार्च १९२८ रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात १८७४ च्या कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडले. वतनदारांना वाटल्यास पूर्ण सारा भरून जमीन राखता यावी व चाकरीतून मोकळे होता यावे, बलुत्याच्या जागी रोख मोबदला यावा आणि जे चाकरीत राहतील त्यांची कर्तव्ये नियमाने निश्चित व्हावीत, अशी त्याची दिशा होती. यातील अखेरचा मुद्दा आपण सहसा विसरतो. वतन संपविण्याइतकेच, ते असेपर्यंत त्यातील काम मोजून-मापून लिहिले जावे, हेही बाबासाहेबांना महत्त्वाचे वाटले होते. सरकारी आणि बिनसरकारी सभासदांचा पाठिंबा न मिळाल्यामुळे १९२९ मध्ये हे विधेयक त्यांना मागे घ्यावे लागले.

लढा मात्र थांबला नाही. वतनी जमिनींवर जुडी वाढविण्यात आली, तेव्हा डिसेंबर १९३९ मध्ये अहमदनगर जिल्ह्यातील हरेगाव येथे वतनदारांची मोठी परिषद भरली आणि बाबासाहेबांनी सरकारला निर्वाणीचे बजावले. कनिष्ठ ग्रामवतने नाहीशी करणारा कायदा अखेर १९५८ मध्ये झाला आणि १९५९ मध्ये अमलात आला. पहिल्या विधेयकापासून एकतीस वर्षे गेली होती आणि बाबासाहेब तो दिवस पाहण्यास राहिले नव्हते.

गिरणी आणि रूळ

गाव सोडून मुंबईला आले म्हणून जन्माने ठरलेले काम सुटले असे झाले नाही. कापडगिरण्यांत विणकाम खात्याचा पगार चांगला. पण तेथे अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता. धोट्यातील सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि आपल्या माणसाच्या ओठाला लागलेला धोटा दुसऱ्याला चालत नसे. त्यामुळे आपली माणसे रिंग स्पिनिंगसारख्या कमी मजुरीच्या खात्यांत अडकून पडली. १९२८ च्या दीर्घ गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला. कामगारांची एकजूट हवी असेल, तर आधी कामगारांनीच कामगारावर घातलेली ही बंदी उठवा, असे त्यांचे म्हणणे होते.

रेल्वेत चित्र याहून रोखठोक होते. १२ व १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाड येथे जी. आय. पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हे त्यांचे विधान त्या भाषणामुळे सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्याच भाषणातील गँगमनचे वर्णन फारसे उद्धृत होत नाही. रुळांची देखभाल करणारा आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच म्हातारा होतो, हे त्यांनी दाखवून दिले. त्याला साधे पोर्टरचे कामही मिळत नाही. कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामे करावी लागतात आणि त्या घरात त्याचा हात चालत नाही.

या उदाहरणाकडे आजाराच्या बाजूने पाहावे. लोखंडी रूळ, लाकडी स्लीपर, खडी आणि मे महिन्याचे ऊन ही गँगमनची रोजची सोबत. चाळिशीत गुडघे गेले, कंबर गेली, तर दुसऱ्या एखाद्या कामगाराला तुलनेने हलकी जागा मिळण्याची शक्यता तरी होती. आपल्या माणसाला ती वाटच बंद होती. हलके काम अस्तित्वात होते. ते त्याच्यासाठी नव्हते. जात म्हणजे केवळ स्पर्शाचा विटाळ नव्हे. थकलेल्या शरीराला मिळू शकणारी विसाव्याची जागा हिरावून घेणे हाही तिचाच व्यवहार आहे.

त्याच वर्षी मुंबई विधानसभेत औद्योगिक तंट्यांचे विधेयक आले. त्यात काही संप बेकायदा ठरवून कामगारास शिक्षेची तरतूद होती. माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध काम करण्यास शिक्षेच्या धाकाने भाग पाडणे म्हणजे त्याला गुलाम करणे होय, अशी बाबासाहेबांची भूमिका होती. विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी झालेल्या एक दिवसाच्या संपात स्वतंत्र मजूर पक्ष अग्रभागी होता.

अपवाद आणि त्याची मुदत

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. आजवर मागणाऱ्याच्या बाजूला उभा असलेला माणूस आता निर्णय घेणाऱ्याच्या खुर्चीत होता. या काळातील एक प्रकरण आपण गौरवगाथेत टाळतो. येथे ते सांगणे आवश्यक आहे.

कोळसा खाणींत जमिनीखाली स्त्रियांना काम देण्यावरील बंदी १९३० च्या दशकाअखेरीस पूर्णपणे अमलात आली होती. महायुद्धात कोळशाचा तीव्र तुटवडा पडला आणि १९४३ मध्ये सरकारने ही बंदी तात्पुरती उठविली. देशात आणि देशाबाहेर तिच्यावर कडक टीका झाली. फेब्रुवारी १९४४ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात उत्तर देण्याची जबाबदारी मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबांवर आली. हा आणीबाणीचा उपाय आहे, कायमचे धोरण नव्हे, आणि स्त्रियांना पुरुषांइतकीच मजुरी मिळेल, असे त्यांनी स्पष्ट केले. त्याआधी डिसेंबर १९४३ मध्ये ते स्वतः धनबाद भागातील खाणीत उतरून परिस्थिती पाहून आले होते. जानेवारी १९४४ च्या अखेरीस खाणकामगारांच्या कल्याणासाठी निधी उभारणारा वटहुकूम निघाला. युद्ध संपले आणि १ फेब्रुवारी १९४६ पासून बंदी पुन्हा लागू झाली.

निर्णय बरोबर की चूक, यावर आजही मतभेद होऊ शकतात. ज्या स्त्रिया त्या अडीच वर्षांत खाली उतरल्या, त्यांच्या शरीराने त्याची किंमत मोजलीच. तथापि या प्रकरणातून एक कसोटी हाती लागते. गरजेच्या वेळी कामगाराला नेहमीपेक्षा जड काम सांगितले गेले, तर तीन प्रश्न विचारावेत: गरज खरी आहे काय? मोबदला न्याय्य आहे काय? आणि अपवाद संपण्याची मुदत आहे काय? वतनात या तिन्ही प्रश्नांना जागा नव्हती. मुदत नसलेला अपवाद हाच पुढे रिवाज होतो.

आजारी कामगाराचा प्रश्नही याच खात्यात आकाराला आला. मार्च १९४३ मध्ये प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना तयार करण्याचे काम सोपविण्यात आले. त्यांनी १९४४ मध्ये अहवाल दिला आणि त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. आजारपणाचा भत्ता घेत असलेल्या कामगाराला त्या काळात कामावरून काढता येणार नाही किंवा शिक्षा करता येणार नाही, असे त्याचे ७३ वे कलम सांगत असे. ज्या समाजात ताप आलेल्या बापाऐवजी पोराला जुंपले जाई, त्या समाजाच्या दृष्टीने हे एक कलम किती मोठे आहे, हे सांगण्याची गरज नाही.

संविधानाच्या २३ व्या कलमाने वेठबिगार आणि सक्तीची मजुरी यांना मनाई केली. ४२ व्या कलमाने कामाच्या न्याय्य व मानवीय परिस्थितीची जबाबदारी राज्यावर टाकली. सक्ती म्हणजे केवळ चाबूक नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये स्पष्ट केले. दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या त्या खटल्यात न्या. पी. एन. भगवती यांनी दारिद्र्य आणि भूक यांचा दाबही ‘सक्ती’त धरला. दुसरा पर्याय नाही म्हणून माणूस निमूटपणे काम स्वीकारतो, तेव्हा त्या निमूटपणाला संमती म्हणता येत नाही.

याच किनाऱ्यावरचे दुसरे वतन

आता आपण राहतो त्या भूमीकडे वळू. तेल सापडण्यापूर्वी या किनाऱ्याची उपजीविका मोत्यांवर होती आणि त्या मोत्यांची मोठी बाजारपेठ होती मुंबई. मुख्य हंगाम सुमारे जून ते सप्टेंबर असा ऐन उन्हाळ्यात येई. नाकाला चिमटा लावून, पायाला दगड बांधून पाणबुड्या तळाशी जाई; वर दोरी धरून बसलेला सोबती त्याला ओढून घेई. नावेचा प्रमुख तो नाखुदा. आपल्या कोळी बांधवांचा ‘नाखवा’ हा शब्द तोच.

पाणबुड्यांचे कान, डोळे, फुप्फुसे आणि त्वचा या कामाने झिजत. तरीही पुष्कळांना थांबता येत नसे, कारण हंगामापूर्वी घरखर्चासाठी नाखुद्याकडून उचल घेतलेली असे. हंगाम संपला तरी हिशेब फिटत नसे, आणि पाणबुड्या मरण पावला तर त्याचे कर्ज मुलाच्या किंवा भावाच्या अंगावर येई. रास अल खैमाहजवळील अल जझीरा अल हमरा या ओस पडलेल्या जुन्या गावात कुटुंबासह गेलात, तर प्रवाळ-दगडांच्या त्या भिंतींपाशी मुलांना हेही सांगावे. जात वेगळी, धर्म वेगळा, भाषा वेगळी. पण बापाचे ओझे लेकावर टाकणारी व्यवस्था ओळखीची आहे.

जपानी संवर्धित मोती आणि १९२९ नंतरची जागतिक मंदी यांनी हा धंदा मोडीत काढला. १९६२ मध्ये अबू धाबीतून तेलाची निर्यात सुरू झाली, २ डिसेंबर १९७१ रोजी संयुक्त अरब अमिरातींची स्थापना झाली आणि १९७३ नंतरच्या तेलाच्या भाववाढीने बांधकामाला उधाण आले. महाराष्ट्रातून येणाऱ्यांचा ओघ वाढला. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईतील कामगारवस्त्यांत पासपोर्टची चर्चा नेहमीची झाली. ज्यांच्या आजोबांना धोट्याला हात लावू दिला नव्हता, त्यांचे नातू येथे वेल्डर, फिटर, सुरक्षारक्षक, लेखापाल आणि अभियंते झाले. येथे आल्यावर बहुधा पहिल्यांदाच त्यांच्या कामाचे नाव जातीने नव्हे, कागदाने ठरले.

कागदावर लिहिलेले काम

त्या कागदाचा इतिहासही छोटा नाही. १९८० च्या कामगार कायद्यातच वर्षाला ९० दिवसांपर्यंत आजारपणाच्या रजेची तरतूद होती: पहिले १५ दिवस पूर्ण पगारी, पुढचे ३० दिवस अर्धपगारी आणि उरलेले बिनपगारी. भारतात एक काम सांगून येथे दुसराच करार पुढे करण्याचा प्रकार रोखण्यासाठी १ जानेवारी २०१६ पासून नियम बदलले. कामगाराने स्वीकारलेल्या नोकरीच्या प्रस्तावानुसारच प्रमाणित करार व्हावा, असे बंधन आले.

सध्याचा कायदा २०२१ चा ३३ क्रमांकाचा संघीय हुकूमनामा असून तो २ फेब्रुवारी २०२२ पासून लागू आहे. त्याचे १२ वे कलम प्रत्येक घरात ठाऊक असावे. करारातील कामाहून मूलतः भिन्न काम मालकाने कामगारास सांगू नये, असे ते म्हणते. अपवाद दोनच परिस्थितींत आहे: खरी निकड असेल, किंवा अपघात टाळावयाचा अथवा झालेल्या अपघाताचे परिणाम निस्तरावयाचे असतील तर. तोही तात्पुरता, नियमावलीनुसार वर्षातून जास्तीत जास्त ९० दिवस. याशिवाय वेगळे काम द्यावयाचे असल्यास कामगाराची लेखी संमती लागते. संमती न घेता असे काम लादले, तर ४५ व्या कलमानुसार कामगार पूर्वसूचनेशिवाय नोकरी सोडू शकतो आणि सेवासमाप्तीची देणी त्याच्याकडेच राहतात.

येथे मघाची कसोटी पुन्हा आठवावी. गरज, संमती, मुदत. १९२८ च्या विधेयकाने कामाची यादी मागितली होती. १९४४ च्या चर्चेत अपवादाला अंत असावा हे मान्य झाले होते. जगाच्या दुसऱ्या टोकाला, वेगळ्या राज्यव्यवस्थेत, तीच दोन तत्त्वे एका कलमात एकत्र दिसतात.

परंतु कायद्याच्या मर्यादाही नीट ओळखाव्यात. १२ व्या कलमात आजाराचा उल्लेख नाही; त्याचा भर कामाच्या स्वरूपावर आहे. करारातच ‘हेल्पर’ किंवा ‘लेबर’ असे मोघम पद लिहिले असेल, तर कोणतेही ओझे त्या शब्दात मावते. म्हणून सही करतानाच पदनाम वाचावे. ९० दिवसांची आजारपणाची रजा संपल्यावरही कामावर परतता आले नाही, तर मालक सेवा संपवू शकतो, मात्र देणी चुकवावी लागतात. आणि घरकामगार भगिनी या कायद्याच्या कक्षेत येत नाहीत. त्यांच्यासाठी २०२२ चा ९ क्रमांकाचा वेगळा कायदा आहे.

आणखी एक गैरसमज दूर करावयास हवा. येण्यापूर्वी मुंबईत आणि आल्यावर निवास परवान्यासाठी होणारी वैद्यकीय तपासणी मुख्यतः क्षय, एचआयव्ही यांसारखे संसर्गजन्य रोग शोधते. ‘फिट’ हा शिक्का राहण्यासाठी असतो. पन्नास किलोचे पोते उचलण्यास कंबर योग्य आहे, असा त्याचा अर्थ होत नाही. वसाहतींच्या काळातील सक्तीच्या मजुरीवर मर्यादा घालणाऱ्या १९३० च्या आंतरराष्ट्रीय करारातही, त्या मजुराची प्रकृती त्या कामास आणि तेथील परिस्थितीस योग्य आहे की नाही, हे शक्य तेथे वैद्यकीय अधिकाऱ्याने आधी पाहावे, अशी अट होती. वेठीच्या मजुरासाठी जे किमान मानले गेले, ते करारावर आलेल्या कामगाराला नाकारले जाणे लाजिरवाणे आहे.

विदर्भातील कुटुंबांनी या बाबतीत विशेष जागरूक असावे. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात बौद्ध समाजात आणि काही आदिवासी समाजांत सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. वरून धडधाकट दिसणारा तरुण तीव्र उष्णता, शरीरातील पाणी कमी होणे आणि अतिश्रम या तिन्हींच्या एकत्र माऱ्याने असह्य वेदनांच्या झटक्यात सापडू शकतो. १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी १२.३० ते ३ पर्यंत उघड्यावरील काम बंद ठेवण्याचा येथील नियम हितकारक आहे. पण सिकलसेलच्या रुग्णाला सकाळच्या दमट उन्हातील जड कामही धोक्याचे ठरू शकते. उन्हातल्या कामाचा व्हिसा हाती घेण्यापूर्वी रक्ताची ही तपासणी अवश्य करून घ्यावी. आजार लपविण्यात लाज राखली जाते असे वाटते. प्रत्यक्षात तो लपविल्याने आपला एकमेव पुरावा नाहीसा होतो.

साताऱ्याच्या बांधवांचे पुढे काय झाले

आरंभी ज्यांचा उल्लेख केला, त्यांचे काय झाले हे सांगितले पाहिजे. त्यांनी ताबडतोब तक्रार केली नाही. धाकट्या मुलीच्या शिक्षणाचे कर्ज होते आणि तिकीट हाती देतील ही धास्ती होती. तीन आठवडे त्यांनी कमरेला पट्टा बांधून ट्रक भरले. मग आपल्यातील दोघा जाणकारांनी त्यांची पेटी उघडवून करारपत्र शोधले. त्यावर ‘स्टोअरकीपर’ हा शब्द स्पष्ट होता. तो करार, डॉक्टरांचा दाखला आणि यार्डातील हजेरीचे फोटो जोडून त्यांनी आधी कंपनीला लेखी कळविले, आणि उत्तर न आल्यावर मनुष्यबळ मंत्रालयाकडे अर्ज केला.

समेटाच्या बैठकीत कंपनीने त्यांना पुन्हा गोदामात घेण्याचे मान्य केले. पुढच्या वर्षी कराराचे नूतनीकरण मात्र झाले नाही. सेवासमाप्तीची रक्कम पूर्ण मिळाली आणि ते गावी परतले. हा विजय म्हणावा की पराभव, हे मी ठरवू शकत नाही. कायद्याने त्यांची नोकरी वाचविली नाही. त्यांचा मणका वाचविला. निघण्याच्या आदल्या रात्री भेटावयास आले, तेव्हा ते एवढेच म्हणाले, “दादा, आज्याला ‘न्हाई’ म्हणता आलं नव्हतं. मी म्हणून बघितलं.”

एका माणसाचा हा नकार उच्चारता यावा म्हणून किती गोष्टी घडाव्या लागल्या, याचा विचार करावा. विधिमंडळात मागे घ्यावे लागलेले विधेयक, हरेगावची परिषद, मनमाडचे भाषण, १९५९ मध्ये अमलात आलेला तो कायदा, संविधानातील दोन कलमे, आणि या देशाने स्वतःच्या कायद्यात लिहिलेले एक कलम. वाटा वेगवेगळ्या होत्या, पण त्या सर्वांनी एकच गोष्ट शक्य केली: काम लिहिले जावे आणि लिहिलेल्यापलीकडे माणसाला विचारल्याशिवाय जुंपता येऊ नये.

पुढच्या रविवारी घरातील सर्वजण एकत्र असतील, तेव्हा कपाटातील करारपत्र बाहेर काढावे. पदनामाची ओळ मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यावी आणि त्यांना आजोबांच्या वतनाची गोष्ट सांगावी. औषधाच्या चिठ्ठ्या आणि वैद्यकीय दाखले यांची प्रत त्याच पाकिटात ठेवावी. शेजारच्या खोलीतील एखादा बांधव पट्टा बांधून कामावर जाताना दिसला, तर त्याला एवढेच विचारावे: तुझ्या कागदावर काय लिहिले आहे?

जय भीम.